जलपर्णी काढायची: हार्वेस्टर आणावा की माणसं लावावीत?

गावतळं किंवा लहान पाझर तलाव जलपर्णीनं झाकला गेला की ग्रामपंचायतीपुढे साधारण दोन प्रस्ताव येतात. एक, तरंगता हार्वेस्टर, म्हणजे पाण्यावर फिरून जलपर्णी उपसणारं यंत्र, भाड्यानं आणायचा. दुसरा, तराफे, दोर आणि माणसं. पोकलेनचंही नाव निघतं, पण साध्या पोकलेनचा हात नऊ-दहा मीटरच पोचतो, लाँग बूमचा पंधरा-अठरा. मधल्या थराला तो शिवतही नाही. त्याला मदतनीस म्हणून धरावं, पर्याय म्हणून नाही.

वेगात हार्वेस्टर सरस आहे, यात वाद नाही. दाट थराचं ओलं वजन हेक्टरी दोनशे-तीनशे टनांपर्यंत सहज जातं, म्हणजे गुंठ्याला दोन ते तीन टन. दहा जणांची सरावलेली टोळी दिवसात दोन, फार तर तीन गुंठे मोकळे करते. तेवढं काम यंत्र सकाळच्या चहापर्यंत उरकतं. अनुकूल ऊन आणि सांडपाण्याचं खत मिळालं तर जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि ही वाढ सगळ्यात जोरात होते ती थराच्या मोकळ्या पाण्याकडच्या कडेला. त्यामुळे पाच एकरांवर पूर्ण झाकलेल्या तळ्यात एकच टोळी लावली तर ती कायम मागेच राहील.

इथपर्यंत सगळं यंत्राच्या बाजूनं आहे. माझं मत फिरलं ते काठामुळे.

भरलेल्या हार्वेस्टरला तरंगायला दोन-अडीच फूट पाणी लागतं. आपल्याकडच्या तळ्यांचे काठ उतरते असतात, फेब्रुवारीनंतर पाणी आटत जातं तसा उथळ पट्टा रुंदावतो, आणि यंत्र त्यात शिरत नाही. मधलं पाणी आरशासारखं होतं, फोटो छान येतात, काठाला मात्र सहा-आठ फुटांची हिरवी झालर राहते. बी रुजतं ते नेमकं तिथेच. उघड्या पडलेल्या ओल्या चिखलात ऊन लागलं की जलपर्णीची रोपं उगवतात, आणि चिखलातलं बी पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. भरीला यंत्राच्या पट्ट्यावर चढताना रोपांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या धावत्या तुटतात आणि कोंबासकट सुटे बुडखे पाण्यात राहतात. पानांच्या तुकड्यांना नवे कोंब फुटत नाहीत, बुडख्याला फुटतात. वारा हे सगळं काठाच्या झालरीत नेऊन अडकवतो. एक-दोन महिन्यांत तळं परत हिरवं दिसलं तर यंत्र वाईट चाललं असं समजू नये. त्याला पोचता येतं तेवढं त्यानं केलं. उरलेलं काम माणसाच्या हाताचंच होतं आणि ते कुणी ठरवलेलंच नव्हतं.

हातानं काढताना क्रम महत्त्वाचा आहे. नाल्याच्या तोंडाशी आधी अडथळा बांधा, नाहीतर वरून येणारा माल उपसतच बसाल. त्यासाठी पॉलिप्रॉपिलिनचा दोर घ्यावा. तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो. दर दोन-तीन मीटरला पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट केलेला कॅन बांधायचा आणि खाली दीड-दोन फूट मासेमारीचं जुनं जाळं लोंबतं ठेवायचं. दोर जरा ढिला हवा. ताणून बांधला तर पाणी चढलं की दोर बुडतो आणि थर वरून निसटतो.

मग थराचे साधारण दहा-दहा फुटांचे तुकडे करायचे, बांबूला बांधलेल्या विळ्यानं. न कापता ओढलं तर अर्धा एकर एकदम हलतो आणि दोर तुटतो. तुकडा दोरात घेऊन वाऱ्याच्या बाजूनं काठाला आणायचा, वाऱ्याविरुद्ध कधीच नाही. मधल्या पाण्यासाठी थर्माकोलचा तराफा किंवा ट्रकची ट्यूब चालते, लाइफ जॅकेट मात्र सोडू नका. जलपर्णीच्या मुळांत पाय अडकला तर पोहता येणाराही फसतो. दंताळ्यानं वर ओढलेला माल पूररेषेच्या वर, पाण्यापासून निदान पंधरा मीटरवर, मुळं वर करून पसरावा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वजन निम्म्यावर येतं आणि ट्रॉलीच्या फेऱ्या वाचतात. ओली जलपर्णी फुगीर असल्यामुळे ट्रॉली वजनाआधी आकारानंच भरते. काठावरच ढीग ठेवला तर पहिल्या पावसात तो तळ्यात परततो.

खरं फळ मिळतं ते दोन-तीन आठवड्यांनी होणाऱ्या दुसऱ्या फेरीत. तेव्हा फक्त बोटभर रोपं आणि चुकलेले बुडखे वेचायचे असतात, दोघा-तिघांचं काम. ही फेरी यंत्राला जमत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, झाडं सुटी सुटी असताना सुरुवात केली तर हाताचा पर्याय बऱ्यापैकी स्वस्तही पडतो. आपल्याकडे निविदा निघते ती डास वाढल्यावर, मार्चमध्ये.

नदीचं गणित वेगळं. पवना किंवा मुळा-मुठेवर बंधाऱ्याच्या फुगवट्यात थर साचतो आणि पुराबरोबर खाली उजनीकडे जातो. तिथे यंत्राला पर्याय नाही, असं माझंही मत आहे.

भुंग्यांबद्दल हमखास विचारलं जातं. नेओकेटिना जातीचे भुंगे १९८० च्या दशकात भारतात आणून सोडले गेले, बंगळूरच्या काही तळ्यांत त्यांनी चांगलं कामही केलं. पण परिणाम दिसायला दोन-चार वर्षं लागतात, पावसाळ्यात थराबरोबर भुंगेही वाहून जातात, आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी त्यांच्या खाण्यापेक्षा वेगानं वाढते. साल्व्हिनिया, म्हणजे पाण्यावर तरंगणारं दुसरं एक तण, असेल तर मात्र गोष्ट उलटी. केरळच्या कुट्टनाडमध्ये तिच्या स्वतःच्या भुंग्यानं तीनेक वर्षांत कालवे मोकळे केले; ती हातानं उपसणं म्हणजे चाळणीनं पाणी भरणं. म्हणून आधी वनस्पती ओळखून घ्या. तणनाशक मी मोजत नाही. मेलेला थर बुडून कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात.

तेव्हा पाच एकरांच्या आतलं, नाला अडवता येण्यासारखं तळं असेल तर माझा कल माणसांकडे. त्याहून मोठं आणि गच्च भरलेलं असेल तर मधल्या भागासाठी हार्वेस्टर जरूर आणा, पण काठाचं काम वेगळं लिहून घ्या. करारात पैसे टनावर ठरवू नका. ताज्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, ते तोलून घेण्यात अर्थ नाही. क्षेत्रफळावर ठरवताना मोजणी सकाळी एकदाच केली तर फसाल, कारण दुपारच्या वाऱ्यानं तोच थर एका कोपऱ्यात निम्म्या जागेत दाबला जातो. त्यापेक्षा मोकळा काठ मीटरमध्ये मोजा आणि बिलाचा निदान चौथा हिस्सा तिसऱ्या वेचणीपर्यंत रोखून ठेवा.