बोर्डआउट जवानांच्या पेन्शनचं काम: कळव्यातल्या सुभेदार साहेबांचं ऑफिस

ज्यांच्या घरात कुणी बोर्डआउट होऊन, म्हणजे आजारपणामुळे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवल्यामुळे, फौजेतून घरी आलंय आणि पेन्शन नाकारलीय किंवा कमी टक्क्याने मिळतेय त्यांनी हे नक्की वाचा. कळव्यात मनीषा नगरच्या बाजूला एक रिटायर्ड सुभेदार साहेब अपंगत्व पेन्शनच्या कागदांचं काम करून देतात, आख्खी नोकरी क्लार्क म्हणून झालेली, रेकॉर्ड ऑफिसातही होते, त्यामुळे कुठला कागद कुठे असतो हे त्यांना तोंडपाठ आहे. नाव नंबर टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, आधीच गर्दी आवरत नाही. तिथल्या कुठल्याही माजी सैनिकाला विचारा, घरापर्यंत आणून सोडेल.

आमची केस आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, मी आता ऐरोलीत. माझा मोठा भाऊ आर्टिलरीत होता, भरती झाला तेव्हा धडधाकट, गावात त्याच्याएवढं पळणारं कुणी नव्हतं. आठ वर्षं सर्विस झाली आणि पोस्टिंगवर असतानाच त्याला पहिली फिट आली, मग हॉस्पिटल, मग लो मेडिकल कॅटेगरी, मग 2011 ला बोर्डआउट. बोर्डाने अपंगत्व 20 टक्के लिहिलं आणि पुढे लिहिलं की आजार सर्विसमुळे झालेला नाही आणि सर्विसमुळे वाढलेलाही नाही. दहा वर्षं भरलेली नव्हती म्हणून पेन्शन काहीच नाही, ग्रॅच्युइटी हातात देऊन घरी पाठवला. नकाराचं पत्र इंग्लिशमधे आलं, त्यावर अपील करता येतं हे घरी कुणाला माहीतच नव्हतं.

आता लोक म्हणतात 20 टक्केच ना, मग बाकी काम करू शकतो की. कसं करणार सांगा. ड्रायव्हिंग बंद, मशीनवर उभं राहायचं नाही, उंचावर चढायचं नाही. इकडे आणून एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लावला होता, नाइटला ड्यूटीवरच पडला, दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने युनिफॉर्म परत मागितला. त्यानंतर जिथे जाईल तिथे आजार सांगितला की नको, आणि न सांगता लागायला दादा तयार नाही. वहिनी ब्लाऊज शिवून घर चालवते, गोळ्यांचा खर्च वेगळा. आपल्याकडे अपंगत्व पेन्शनचा हिशोब टक्क्यावर चालतो, माणसाला बाहेर काम मिळतंय का हे त्या टक्क्यात कुठेच येत नाही, मला हे पटत नाही आणि मी ते कुणासमोरही बोलेन. बाहेर काम जमतंय का हे बघितलं जातं ते फक्त 2020 च्या आदेशात, दहा वर्षांच्या आत बोर्डआउट झालेल्यालाही इनव्हॅलिड पेन्शन (आजार सर्विसमुळे नसला तरी मिळणारी), पण फौजेतलं आणि बाहेरचं दोन्हीकडचं काम कायमचं अशक्य असलं तरच, आणि तेही 4 जानेवारी 2019 ला किंवा नंतर सर्विसमधे असलेल्यांनाच. दादा त्याच्या आधीच घरी आलेला, म्हणजे त्या आदेशाप्रमाणे तो रस्ता बंद.

साहेबांकडे जायच्या आधी एका एजंटकडे गेलो होतो. त्याने कागद उघडूनही बघितले नाहीत, काम शंभर टक्के होईल म्हणाला, थकबाकीतला तिसरा हिस्सा माझा आणि इथे इथे सही करा. कोऱ्या कागदावर. वहिनी उठली आणि बाहेर आली, बरं झालं.

साहेबांकडे पहिली गोष्ट वेगळी झाली ती म्हणजे त्यांनी आम्हाला काहीच प्रॉमिस केलं नाही. म्हणाले ताई, बोर्डाचे पूर्ण कागद आणा, म्हणजे बोर्डाने भरलेला एएफएमएसएफ-16 फॉर्म, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, नुसतं नकाराचं पत्र बघून मी काही बोलणार नाही. कागद नव्हतेच आमच्याकडे. मग त्यांनीच माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला पाठवायला सांगितला, आणि खरंच पाकीट आलं, भरतीच्या वेळच्या मेडिकलच्या कॉपीसकट.

ते पाकीट घेऊन गेलो तो दिवस मी विसरणार नाही. साहेबांनी चष्मा पुसला, स्टीलची पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली पट्टी सरकवत सगळं वाचलं, मधे दोन माणसं येऊन बसली तरी मान वर केली नाही. एका प्रश्नाशी पट्टी थांबली. प्रश्न असा की हे अपंगत्व भरतीच्या आधीपासून होतं का, आणि बोर्डाने स्वतःच लिहिलेलं की नाही. त्याच्याच खाली कारण काय तर प्रकृतीचा, म्हणजे मुळात शरीरातच असलेला आजार, लष्करी सेवेशी संबंध नाही, एवढी एक ओळ. साहेबांनी पेन्सिलने दोन्हीकडे टिंब केलं आणि कागद फिरवून दादापुढे ठेवला, माझ्यापुढे नाही, दादापुढे. म्हणाले बघ गनर, भरतीला तू ठणठणीत होतास हे यांनीच लिहिलंय, मग नंतर आजार कुठून आला हे सिद्ध करायचं काम तुझं नाही, त्यांचं आहे. दादा सहसा असल्या ठिकाणी तोंड उघडत नाही, त्या दिवशी सरळ बसून पोस्टिंगची सगळी ठिकाणं तारखेसकट सांगितली.

ह्याला आधार आहे सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या धरमवीर सिंग निकालाचा, तो जवानही फिटमुळेच बोर्डआउट झालेला, सिग्नल्समधला, त्यालाही 20 टक्केच लिहिलेलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सर्विसमुळे झाला असं धरायचं, आणि बोर्डाला उलटं म्हणायचं असेल तर कारणं द्यायला पाहिजेत, असा तो निकाल. आणि 20 टक्के म्हणजे 20 च राहत नाहीत, बोर्डआउट झालेल्यांना 1996 पासून राउंडिंगचा नियम आहे, 50 च्या खाली असेल तर 50 धरतात, 50 ते 75 ला 75 आणि त्याच्या वर 100. नॉर्मल रिटायर झालेल्यांनाही हे लागू होतं, 2014 चा राम अवतार निकाल, तुमच्या ओळखीत कुणाला अजून 30-40 टक्क्यानेच मिळत असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, काढून बघा. ह्या पेन्शनचे दोन भाग, अपंगत्वाचा भाग 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतो, म्हणजे 50 ला 15, आणि केलेल्या सर्विसचा भाग वेगळा, त्याला दहा वर्षांची अट नाही. आमच्यासाठी पैशाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पेन्शन लागली की ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड निघू शकतं आणि गोळ्यांचा प्रश्न सुटतो.

वाईट बातमीही साहेबांनी त्याच दिवशी सांगितली. एवढ्या उशिराने गेलं की थकबाकी साधारण केस टाकायच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून तसंच चालत आलंय. 2011 पासूनचं सगळं मिळेल अशी आशा धरू नका म्हणाले. वहिनीच्या डोळ्यात पाणी आलं, पण मला हे आवडलं, एजंटने हे कधीच सांगितलं नसतं.

पुढे त्यांनी अपील ड्राफ्ट करून दिलं, उशीर का झाला त्याचा अर्ज वेगळा. अपीलावर सहा महिन्यांत उत्तर नाही आलं तरी आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलला, म्हणजे फौजेच्या केसेस चालतात त्या न्यायाधिकरणाला, जाता येतं, मुंबईला बेंच आहे. साहेब स्वतः वकील नाहीत आणि तसं भासवतही नाहीत, फाइल क्रमाने लावून, पानांना नंबर घालून देतात, वकील आपण बघायचा. वकिलाचे पैसे नसतील तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी चौकशी करा म्हणाले, 2025 ला नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) सैनिकांच्या कुटुंबांना कायदेशीर मदतीची योजना काढलीय. आमच्या वकिलाने फाइल बघून पहिला प्रश्न हाच विचारला की ही कुणी लावलीय. केस आता ट्रायब्युनलला आहे, निकाल लागलेला नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू निकालाचा नाही, कामाचा आहे.

आता कमी काय ते. खोली एकच आहे आणि साहेब मोठ्याने बोलतात, सवय असेल परेडची, पण आजाराच्या गोष्टी रांगेतले सगळे ऐकतात. आमच्या समोर एक जण आलेले, मानसिक आजारावर बोर्डआउट, त्यांची बायको खाली मान घालून बसली होती, अशांना वेगळं बसवायला पाहिजे. मी साहेबांना हे बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, पडदा लावतो म्हणाले. व्हॉट्सॲपवर उत्तर देत नाहीत, स्वतःच यावं लागतं, आणि पेशंट माणसाला घेऊन ऐरोलीहून पावसात येणं म्हणजे विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की संपलं. जिना अरुंद आहे, व्हीलचेअर वर जाणार नाही, अपंग जवानांचं काम जिथे होतं तिथे हे असायला नको. आधी निरोप दिलात तर साहेब खाली उतरून रिक्षातच कागद बघतात, हे मी बघितलंय, तरी रॅम्प पाहिजेच.

पैसे टायपिंगचे आणि झेरॉक्सचे घेतात, थकबाकीत हिस्सा नाही. वीरनारींकडून तेही घेत नाहीत. स्पर्शवरची, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवरची कामं, हयातीचा दाखला वगैरे त्यांचा पुतण्या बघतो, त्याच्याकडे आधार आणि मोबाइल घेऊन जा, ओटीपी तुमच्याच फोनवर येतो आणि तो कुणालाही फोनवरून सांगायचा नाही हे तो प्रत्येकाला बजावतो.

पाचपैकी साडेचार, अर्धा जिन्याचा कापला. संध्याकाळी पाचनंतर जा, रविवारी बंद. डिस्चार्ज बुक, नकाराचं पत्र, असेल तर पीपीओ आणि बोर्डाचे कागद न्या, ओरिजिनल घरी ठेवून कॉपीच न्या. आणि ज्याची पेन्शन आहे त्या माणसाला सोबत न्या, साहेब त्याच्याशीच बोलतात.