अयुथ्थयात सायकलवर पाच महिने: वापरानंतरचा अनुभव

यजमानांच्या कंपनीने त्यांना नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांसाठी थायलंडची जुनी राजधानी असलेल्या अयुथ्थयाजवळच्या औद्योगिक वसाहतीत पाठवले आणि त्यांच्यासोबत मीही पुण्याहून गेले. हे शहर आम्हाला अगदीच नवे नव्हते. सहा वर्षांपूर्वी बँकॉकच्या सहलीत आम्ही ते साडेतीन तासांत उरकले होते आणि त्या भेटीतून ऊन, विटा आणि मुंडकी नसलेल्या मूर्ती एवढेच लक्षात राहिले होते. बँकॉकपासून अंतर जेमतेम ८० किलोमीटर असल्यामुळे बहुतेक भारतीय सहली आजही तेच करतात. पाच महिने राहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की या शहराचा कस एका दिवसाच्या सहलीत लागतच नाही, आणि त्याला जो कंटाळवाणेपणाचा ठपका बसतो तो शहराचा नसून वेळापत्रकाचा आहे.

आधी सायकलींविषयी लिहिते, कारण आम्ही पाहिले ते बहुतेक सारे त्यांच्यामुळेच पाहिले. पहिल्या आठवड्यात आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. त्या दुकानाने अनामत म्हणून पासपोर्ट मागितला, माझ्या सायकलीचा मागचा ब्रेक लागत नव्हता आणि तक्रार केल्यावर सायकल बदलून देण्याऐवजी ‘हळू चालवा’ असा खुणेनेच सल्ला मिळाला. पासपोर्ट कुठेही ठेवून घेऊ देऊ नये. रोख अनामत स्वीकारणारी दुकाने तिथे मिळतात. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुढे जाळीची टोपली असलेल्या दोन जुन्या सायकली विकतच घेतल्या. चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी या नद्यांनी वेढलेले जुने शहर म्हणजे एक बेटच आहे. जमीन तळहातासारखी सपाट, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या आमच्या गुडघ्यांनी कुठेही कुरकुर केली नाही. रेल्वे स्थानकासमोरून नदी ओलांडणाऱ्या छोट्या होडीत माणसांबरोबर सायकलीही घेतात. मात्र दोन गोष्टींची तयारी हवी. गल्ल्यांतली भटकी कुत्री सायकलीमागे लागतात. अशा वेळी उतरून सायकल हातात धरून चालत गेले, तर ती शांत होतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून सकाळी दहानंतर रस्त्यावर थांबवत नाही, म्हणून आम्ही देवळे उघडण्याच्या वेळी, आठच्या ठोक्याला, दारात हजर असायचो आणि साडेदहाला घरी परतायचो.

मुख्य सहा स्थळांचे एकत्र तिकीट आम्हाला २२० बाटांना मिळाले. सुटे तिकीट प्रत्येकी ५० बाट होते. जाण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावेत. या सहांपैकी गर्दी वाट महाथातला (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देऊळ) होते, कारण झाडाच्या मुळांनी वेढून धरलेले बुद्धाचे ते दगडी मस्तक तिथे आहे. छायाचित्र काढताना आपले डोके मूर्तीच्या डोक्यापेक्षा वर असू नये, म्हणून तिथे खाली बसावे लागते, आणि उभे राहणाऱ्यांना पहारेकरी तळहात खाली दाबून तशी खूण करतो. पहिल्या वेळी आम्ही रांगेत बसून फोटो काढला आणि उठलो. डिसेंबरमधल्या एका सकाळी तिथे आमच्याशिवाय कुणीच नव्हते, तेव्हा जवळून नीट पाहिले: एका बाजूच्या मुळाने कानाची कड झाकली आहे, पण ओठांच्या कोपऱ्यातले मंद स्मित जसेच्या तसे आहे. यजमान एरवी देवळात फार रमत नाहीत. त्या दिवशी ते वीस मिनिटे मातीत मांडी घालून बसले होते.

माझे आवडते ठिकाण मात्र त्याच्या शेजारचे वाट राचबुराणा. १४२४ मध्ये राजा वारल्यावर त्याचे दोन थोरले मुलगे गादीसाठी हत्तींवरून लढले आणि दोघेही मारले गेले. गादी तिसऱ्याला मिळाली आणि त्याने भावांच्या दहनस्थळी हे मंदिर बांधले. मक्याच्या कणसासारख्या त्याच्या शिखराला प्रांग म्हणतात. त्याच्या पोटात एक तळघर आहे. १९५७ मध्ये चोरांनी ते फोडून सोने पळवले. जे वाचले आणि जे परत मिळाले, ते जवळच्या चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे, आणि त्यात रत्नजडित सोन्याचा एक छोटा हत्तीही आहे. आम्ही आधी संग्रहालय पाहिले आणि मग तळघरात उतरलो. माझा आग्रह आहे की इतरांनीही हाच क्रम ठेवावा. जिना शिडीसारखा उभा आहे, आत हवा कोंदट आहे, भिंतींवरची चित्रे फिकट झाली आहेत. पण सोने नजरेत ताजे असेल तर ती रिकामी खोली रिकामी वाटत नाही.

शहराचे नाव अयोध्येवरून आलेले आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. १३५० मध्ये ते वसवणाऱ्या राजाने रामाधिबोदी, म्हणजे रामाधिपती, हे नाव धारण केले होते. चार शतके सयामची, म्हणजे त्या काळच्या थायलंडची, राजधानी राहिल्यावर १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ते जाळले, आणि पुढे बँकॉक उभारताना इथल्या विटाही होड्यांतून वाहून नेल्या गेल्या. आज दिसणाऱ्या ओसाडीचे कारण केवळ युद्ध नव्हे, हे कळल्यावर उघड्या जोत्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

मी मूळची म्हापशाची, त्यामुळे बेटाच्या दक्षिणेला नदीकाठी असलेली पोर्तुगीज वस्ती माझ्यासाठी वेगळी ठरली. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले, १५११ मध्ये मलाक्का घेतले आणि त्याच वर्षी त्याचा दूत अयुथ्थयाच्या दरबारात पोहोचला. तिथल्या डोमिनिकन चर्चचा आता पायाच उरला आहे आणि उत्खननात सापडलेले मानवी सांगाडे जागच्या जागी ठेवून त्यावर छप्पर घातले आहे. सहल कंपन्यांच्या गाड्या इथे क्वचित येतात. मला जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आठवला. वैभव ओसरून रिकाम्या झालेल्या त्या नगरीतही लहानपणी मी अशीच चर्चची जोती पाहिली होती. त्या दुपारी आम्ही दोघे फारसे बोललो नाही.

संध्याकाळसाठी वाट चायवत्थनारामला पर्याय नाही. १६३० मध्ये राजा प्रासात थोंगने आईच्या स्मरणार्थ बांधलेले हे मंदिर चाओ फ्रायाच्या पश्चिम काठावर आहे. भाड्याचा पारंपरिक थाई पोशाख करून आलेली तरुण मंडळी तिथे शेकड्यांनी असतात, आणि मला ते मुळीच खटकले नाही, कारण ती थाई मुले आपल्याच इतिहासात हौसेने मिरवत होती. २०११ च्या महापुरात हे मंदिर पाण्यात होते आणि यजमानांचा कारखाना ज्या भागात आहे तिथल्या औद्योगिक वसाहतीही बुडाल्या होत्या. त्यांचे सहकारी आजही तो हिशेब ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ असाच सांगतात.

शाकाहारी वाचकांना स्पष्ट सांगायला हवे की पहिला महिना मला जड गेला. भाजीतही मासळीचे पाणी, म्हणजे नाम प्ला, असतेच. ‘जे’ हे अक्षर असलेली पिवळी पताका दिसली, की तिथे मांस, मासे, अंडी आणि कांदा-लसूणही नसतो, हे कळल्यावर प्रश्न बराच सुटला. शहराची खासियत असलेली रोटी साय माय मात्र आम्ही दर आठवड्याला खाल्ली. बाई ओल्या, लवचीक पिठाचा गोळा हातात झुलवत तापलेल्या तव्यावर क्षणभर टेकवते आणि उचलते; तव्यावर कागदाएवढा पातळ पापुद्रा उरतो, तो ती नखाने सोडवते. त्यात सोनपापडीसारखे साखरेचे तंतू भरून गुंडाळायचे. तंतू आणि पापुद्रे वेगवेगळ्या पिशव्यांत मिळतात. खाण्याआधीच गुंडाळावे, नाहीतर साखर चिकट होते.

उणिवाही आहेत. माहितीफलक अनेक ठिकाणी त्रोटक आहेत, बेटाबाहेरच्या मंदिरांपाशी सावली कमी आहे आणि हत्तीवरून फेरी अजूनही विकली जाते. त्या जनावरांना भर उन्हात डांबरी रस्त्यावर चालताना पाहिल्यावर आम्ही त्या वाटेने जाणेच सोडले. बँकॉकहून येताना तिसऱ्या वर्गाची रेल्वे वीस बाटांच्या आसपास पडते, तिला उशीर होतो, पण उघड्या खिडकीतून भातखाचरे दिसतात. मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवावा, म्हणजे पहाटेचे आणि दिवे लागल्यानंतरचे शहर दोन्ही मिळतात.

मार्चअखेरीस निघताना सायकली शेजारच्या घरात ठेवून आलो आहोत. यजमानांना सप्टेंबरमध्ये पुन्हा तीन आठवडे जायचे आहे, आणि नदी फुगलेली असतानाचे चायवत्थनाराम आम्ही अजून पाहिलेले नाही.