ब्रेस्ट रिडक्शननंतर: दुसरी शस्त्रक्रिया की आधी वजन?

ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया, होऊन वर्ष-दोन वर्षं झाली. पाठीची ओढ गेली, खांद्यावर पट्ट्यांनी पडलेल्या खाचा बुजल्या. तरी छाती अजून मोठीच वाटते, किंवा सुरुवातीला बरोबर होती आणि आता पुन्हा भरली आहे. अशा वेळी दोन रस्ते दिसतात: रिव्हिजन, म्हणजे त्याच जागी दुसरी शस्त्रक्रिया, नाहीतर वजन उतरवणं. मी आधी वजनाचा रस्ता धरला. तो प्रत्येकीला लागू पडेल असं मी म्हणणार नाही. काही तक्रारींचा तर वजनाशी संबंधच नसतो. त्या आधी बाजूला काढते.

स्तनाचा खालचा भाग सुटून स्तनाग्र वर बघायला लागलं असेल, दोन्ही बाजूंत ठळक फरक असेल, स्तनाग्राची जागाच चुकली असेल, तर किलो कमी करून काही होणार नाही. उलट वजन उतरलं की सुटलेली कातडी आणखी सुटते. काखेकडच्या टोकाला टाक्यांशी कातडीची चुणी उभी राहते, तिला डॉक्टर ‘डॉग इअर’ म्हणतात. ती थोडी असेल तर सहा महिन्यांत बसते. नाही बसली तर बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करून काढता येते, पूर्ण भूल लागत नाही. जाड, लाल, खाजणाऱ्या व्रणांसाठी आधी सिलिकॉनची पट्टी (दिवसाचे निदान 12 तास, दोन-तीन महिने) आणि गरज पडली तर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं. थेट पुन्हा कापणं नव्हे, कारण आपल्या त्वचेला जाड व्रणांची खोड असते आणि नवा छेदही तसाच भरू शकतो. हाताला कडक गाठ लागत असेल तर ती रक्त न पोहोचल्याने मेलेली चरबी असू शकते. ती वजनाने जात नाही, आणि ती तीच आहे हे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी केल्याशिवाय कोणीही सांगू नये. गाठीचा उलगडा होईपर्यंत बाकीचा निर्णय थांबवा.

राहिला प्रश्न नुसत्या आकाराचा. इथे खरी निवड आहे, आणि ती ठरते आत काय आहे यावर: चरबी की ग्रंथी (दूध तयार करणारा भाग). वजन उतरलं की चरबी कमी होते, ग्रंथी फारशी होत नाही. मॅमोग्राफी झाली असेल तर रिपोर्टमध्ये स्तनाच्या घनतेची एक ओळ असते, ए ते डी अशा चार पायऱ्यांची. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय दाट, चरबी कमी. ए किंवा बी असेल तर वजनाचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. डी असेल तर पाच-सात किलो उतरून गाल बसतील आणि ब्रा तीच राहील. चाळिशीच्या आत नुसतं हे बघायला मॅमोग्राफी करत नाहीत. तिथे जुना अनुभव आठवावा: पूर्वी वजन चार-पाच किलोंनी हललं तेव्हा कप बदलला होता का? बदलला असेल तर चरबीचा वाटा मोठा. शाळेपासून अंगाने बारीक आणि छातीने भरलेली असाल तर ग्रंथीचा. पहिल्या शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी रिपोर्टही काढून बघा, त्यात चरबी किती आणि तंतुमय भाग किती याचा कधी कधी उल्लेख असतो.

मोजणंही नीट हवं. सूज उतरायला तीन ते सहा महिने, आकार बसायला वर्ष लागतं, म्हणून त्याआधीच्या मापावर काही ठरवू नये. टेप एकच, आणि पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसातला दिवस, कारण पाळीआधीच्या आठवड्यात स्तन फुगलेले असतात. दोन मापं घ्यायची: स्तनांखालून आणि सर्वांत भरलेल्या जागेवरून. खालचं माप चार-पाच सेंटिमीटरने वाढलं असेल आणि दोन्ही मापांतला फरक तोच असेल, तर स्तन वाढलेले नाहीत, धड रुंदावलं आहे. काखेखाली ब्राच्या पट्टीवरून बाहेर येणारी वळी पुष्कळदा अशीच असते. ती पाठीकडून आलेली चरबी असते, आणि रिव्हिजनमध्ये सर्जनने मुद्दाम तिथे लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) केलं नाही तर ती तशीच राहते.

आता ज्या गोष्टीने माझं पारडं झुकलं ती. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद.

रिडक्शन करताना सहसा स्तनाग्र अंगापासून सुटं करत नाहीत. आतल्या मांसाचा एक देठ राखून ते त्यावर ठेवतात. रक्त आणि संवेदना त्या देठातून येतात. याला पेडिकल म्हणतात. तो खालून राखलेला असू शकतो, वरच्या-आतल्या बाजूने असू शकतो, इतर प्रकारही आहेत. दुसऱ्या वेळी सर्जनला तोच देठ सांभाळून भोवतीचं काढायचं असतं. देठ कापला गेला तर स्तनाग्राचा काही भाग, क्वचित सगळंच, रक्ताअभावी मरतं. बाहेरचे व्रण बघून हे कळत नाही. जहाजाच्या नांगरासारखा व्रण म्हणजे कातडी कशी कापली एवढंच; आत देठ कुठून ठेवला ते ओटी नोटमध्येच, म्हणजे सर्जनने लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत असतं. बाजूवार किती ग्रॅम काढलं तेही तिथेच, आणि स्तनाग्र पूर्ण सुटं करून पुन्हा लावलं असेल तर ती नोंदही.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं नाव, तारीख आणि गोळ्यांची यादी होती. देठाबद्दल अक्षर नव्हतं. हे फार दुर्मीळ नसावं. भारतात डॉक्टरांसाठी 2002 ची जी आचारसंहिता आहे तिच्यात भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायला आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत द्यायला सांगितलं आहे. म्हणजे चौथ्या वर्षी रिव्हिजनचा विचार सुरू केला तर नोंद मिळेलच याचा भरवसा नाही.

देठ माहीत नसेल तर सावध सर्जन स्तनाग्र जागचं हलवत नाही. मग हातात दोन गोष्टी उरतात: लायपोसक्शन, आणि खालच्या घडीजवळून पाचरीसारखा तुकडा काढणं. पाचरीने थोडी ग्रंथी जाते, पण नळीने मुख्यतः चरबीच येते. थोडक्यात, कागद नसताना जी सुरक्षित रिव्हिजन मिळते तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो चरबीच्या स्तनांवर, म्हणजे ज्यांच्यावर वजन उतरवण्याचाही उपयोग होतो नेमक्या त्यांच्यावर. हे लक्षात आल्यावर माझ्यासाठी सुरीची घाई संपली.

कागद हातात असतील तर चित्र बरंच वेगळं. तेव्हा रिव्हिजनची बाजू भक्कम आहे: कुठून किती काढायचं ते ठरवता येतं, आकारही सुधारतो, फळ लवकर दिसतं. वजन कुठून उतरावं हे मात्र आपल्या हातात नसतं. पण किंमत पूर्ण मोजावी. एक-दोन आठवडे घरी, सहा आठवडे कळशी, सिलिंडर, लहान मूल उचलणं बंद. व्रणांचं घड्याळ पुन्हा शून्यावर, मऊ पडायला 12 ते 18 महिने. उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात तिथे ताण सर्वांत जास्त, टाके उसवतात ते तिथेच. साखर वाढलेली असेल तर आणखी. तंबाखू शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद हवा, आणि यात मिश्रीही धरा. सिगारेट ओढता का विचारलं की आपल्याकडच्या बायका खरेपणाने नाही म्हणतात. मिश्री लावता का हे पुष्कळदा विचारलं जात नाही. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि देठावरच्या स्तनाग्राचा रक्तपुरवठा बिघडायला तेवढंही पुरतं. विम्याची फार आशा धरू नका: आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींत (ज्यांचा खर्च विमा देत नाही त्या यादीत) 6 क्रमांकाची स्थूलतेच्या उपचारांची आणि 8 क्रमांकाची कॉस्मेटिक-प्लास्टिक सर्जरीची आहे. वैद्यकीय गरज लेखी सिद्ध झाली तर आठव्या कलमात वाट असते, पण ‘अजून मोठं वाटतं’ ही गरज धरली जात नाही. स्तनांखालचे वारंवार चिघळणारे चट्टे, मानदुखी याच्या तारखांसह नोंदी असतील तर त्या जोडाव्या.

वजनाच्या बाजूला लक्ष्य छोटं ठेवावं: सहा महिन्यांत शरीराच्या 5 ते 10 टक्के. 78 किलोंच्या बाईला हे 4 ते 8 किलो. आठवड्याला अर्धा किलो पुरे. वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून), आणि भाकरी-भाजीवर ती होत नाहीत. एक अंडं 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीर 18 च्या आसपास, 50 ग्रॅम कोरडे सोयाबीनचे तुकडे 26. उपाशी राहून झरझर उतरवलं तर स्नायूही जातात आणि स्तनाचा वरचा भाग रिकामा पडतो. वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडची इंजेक्शनं चालू असतील तर पुढे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे उपाशी असूनही भुलीत अन्न वर येण्याचा धोका असतो.

क्रमाचं गणित तर उघड आहे. आधी रिव्हिजन आणि मग आठ किलो उतरले, तर नीट बसवलेली कातडी पुन्हा सैल, आणि तिसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ. आधी वजन आणि ते निदान तीन ते सहा महिने स्थिर, तर रिव्हिजन लागली तरी लहान लागते. वर्षभरात गरोदरपणाचा विचार असेल तर रिव्हिजन पुढे ढकललेली बरी, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ग्रंथी पुन्हा वाढते.

तरीही वजनाच्या मागे वर्षानुवर्षं धावू नये. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) भारतीयांसाठीच्या 23 च्या आत असेल, घनता सी किंवा डी असेल आणि ओटी नोट जवळ असेल, तर मी स्वतः वजनाचा सल्ला देणार नाही. बाकीच्यांनी महिन्यातून एकदा तीच दोन मापं घ्यावीत. पाच टक्के वजन उतरल्यावर दोन्ही मापांतला फरक कमी होत असेल तर रस्ता बरोबर आहे. खालचं माप उतरलं आणि फरक लागोपाठ तीन वेळा जागचा हलला नाही, तर ती बहुधा ग्रंथी आहे. सर्जनची वेळ घ्या.

नोंदींचा अर्ज मात्र दोन्ही रस्त्यांत आजच द्यावा. नुसतं डिस्चार्ज कार्ड मागू नका. ओटी नोटची प्रत, पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि शस्त्रक्रियेआधीचे फोटो अशी नावं घालून मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि ओटी नोटमध्ये देठाची दिशा लिहिलेली नसेल तर त्याच सर्जनकडून एका ओळीत लिहून, सहीसकट घ्या.