गोव्यात छपरावरचं ३ किलोवॅट सोलर: माल चांगला, गाडी अडते वीजबिलावरच्या नावापाशी

घराच्या छपरावरच्या सोलरला केंद्राचं अनुदान देणारी पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. पुढे कितीही पॅनल लावा, अनुदान तेवढंच. म्हणून घरासाठी ३ किलोवॅट हाच हिशेबी आकडा: ५४० वॅटचे ६ पॅनल, साधारण ३०० चौरस फूट सावलीविरहित जागा. अनुदानासाठी पॅनल आणि त्यातले सौर सेल, दोन्ही भारतीय बनावटीचे हवेत, हे कोटेशनवर लिहून घ्या.

उत्पादनाला चांगले गुण. उन्हाळ्यात दिवसाला १२-१३ युनिट, आषाढातल्या झाकोळात निम्म्याहून कमी. वर्षाला सुमारे ४,००० युनिट धरा. ग्रिडच्या, म्हणजे वीज खात्याच्या तारांतून येणाऱ्या, युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पावणेतीन टन वाचला. पण हा धूर आपल्याला दिसतच नाही, तो निघतो कोरबा आणि विंध्याचलच्या कोळशाच्या वीज केंद्रांत, जिथून गोव्याला वीज येते. इथे दिसतं ते फक्त बिल, आणि गोव्यात कमी वापराचे टप्पे स्वस्त आहेत. महिन्याला शंभरेक युनिट वापरणाऱ्या घराला पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात. एसीवाल्यांनी मात्र थांबू नये.

गोव्याची खरी परीक्षा खारी हवा घेते. मोरजी-मांद्रेकडे साधं रंगवलेलं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत गंजून फुगतं. हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) स्ट्रक्चर आणि ३१६ ग्रेडचे स्टीलचे बोल्ट मागा. ३०४ वर समुद्रकाठी डाग पडतात. चिऱ्यांची, मुरमाड जमीन अर्थिंगला वाईट, त्यामुळे एसी प्रवाहाची बाजू, डीसी प्रवाहाची बाजू आणि आकाशातली वीज झेलणारा तडितरोधक यांचे तीन वेगळे खड्डे खणून घ्या आणि रोधाचं मोजमाप समोर करायला लावा. कौलांवर थेट पॅनल नकोत, फुटकं कौल बदलायला जागाच उरत नाही. माडाची एक झावळ पॅनलच्या तृतीयांश भागाचं उत्पादन खाते. सावली टळत नसेल तर मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर. डिचोली-साखळीत खाणीची लाल धूळ बसते, ती सकाळी काच गार असताना धुवा.

वीज गेली की सोलरचा साधा, बॅटरीविना इन्व्हर्टरही बंद पडतो. तो दोष नव्हे, दुरुस्तीच्या तारेत तुमची वीज जाऊ नये म्हणून लाइनमनच्या जिवासाठीची सोय आहे. बॅटरी हवी तर हायब्रीड घ्या, खर्च बराच वाढतो.

सगळ्यात कमी गुण कागदांना. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीविना अर्ज मंजूर धरायचा, असा नियम आहे. घोडं पेंड खातं ते आधीच: अर्ज बिलावरच्या नावाने करायचा, आणि वडिलोपार्जित घराचं बिल अजून आजोबांच्या नावावर, वारस पाच, त्यातले दोन परदेशात. खर्च कोणी करायचा, यावरही एकमत नाही. पंचायतीने वाड्यावर एक दिवस वीज खात्याचा माणूस बसवून बिलावरची नावं बदलून दिली, तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त छपरं मोकळी होतील. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या नावाने सामाईक पंप-लिफ्टसाठी अर्ज करावा, तिथे किलोवॅटमागे १८,००० मिळतात.

क्रम असा: योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, यादीतला विक्रेता, बसवणी, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारा), तपासणी, मग अनुदानासाठी बँक तपशील. पॅनल दोन दिवसांत चढतात, पण मीटर लागेपर्यंत जादा युनिटचा हिशेब बिलात येत नाही. म्हणून विक्रेत्याचे शेवटचे १० टक्के नेट मीटर फिरल्यावरच द्यायचे, आणि ही अट करारातच घाला.