नात्तो की टेम्पे? आंबवलेलं सोयाबीन पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी

पुण्यात जपानी शिकून नोकरीसाठी तिकडे निघालेली मुलं, बालीची सहल ठरवलेली जोडपी आणि ‘डाळ-पनीर सोडून प्रथिनांसाठी अजून काय?’ असं विचारणारे शाकाहारी या सगळ्यांचा प्रश्न शेवटी एकच असतो. नात्तो खाऊन बघावा का टेम्पे? दोन्ही सोयाबीनचे, दोन्ही आंबवलेले, दोन्हींबद्दल आधीच बरंवाईट ऐकलेलं. माझं उत्तर आधीच सांगते. स्वयंपाकघरात कायमचा ठेवायचा असेल तर टेम्पे. एखाद्या मुलखाची सकाळ त्यांच्यासारखी अनुभवायची असेल तर नात्तो. दोन्हींकडून एकच अपेक्षा ठेवलीत तर एकाच्या बाबतीत नक्की निराशा होईल.

कच्चा माल एकच, भिजवून शिजवलेलं सोयाबीन. फरक पडतो तो विरजणामुळे. नात्तोत बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू असतो. त्याला चाळीस अंशांच्या आसपासची ऊब, ओल आणि हवा लागते, आणि साधारण एका दिवसात तो दाण्यांवर चिकट थर चढवतो. टेम्पेत रायझोपस नावाची बुरशी काम करते. तीस-बत्तीस अंशांत दीड-दोन दिवसांत तिचे पांढरे तंतू दाण्यांच्या फटींतून शिरतात आणि सगळ्याची मिळून एक घट्ट वडी होते, सुरीने कापता येईल अशी. म्हणजे एक पदार्थ सुटा आणि बुळबुळीत, दुसरा बांधलेला आणि कोरडा. पुढचे बहुतेक फरक यातूनच येतात.

नात्तोचं मूळ घर जपानचा पूर्व भाग. इबाराकी प्रांतातलं मितो शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. ओसाकाकडच्या पश्चिम भागात तो पूर्वापार कमी खाल्ला जातो, त्यामुळे नात्तो न आवडणारा जपानी माणूस भेटला तर नवल वाटायला नको. पूर्वी शिजवलेले दाणे भाताच्या पेंढ्यात बांधून ठेवत, पेंढ्यातलाच जिवाणू काम करायचा. आता चाळीस-पन्नास ग्रॅमच्या थर्माकोलच्या डब्या येतात, बहुधा तीनच्या संचात. झाकण उघडलं की आत पातळ प्लास्टिकचा पापुद्रा आणि दोन पुड्या असतात. एक गोडसर सोया रसाची, दुसरी पिवळ्या मोहरीची. पापुद्रा सरळ वर ओढला तर तारा हातभर लांबतात आणि मनगटापर्यंत चिकटतात. तो चॉपस्टिकभोवती गुंडाळत काढावा. मग रस घालण्याआधी दाणे जोरजोरात घोटायचे. पांढरा फेस येतो आणि तारा बारीक होतात. नंतर रस, मोहरी, चिरलेली पात, आणि सगळं वाफाळत्या भातावर. कित्येक जण वर कच्चं अंडंही घालतात.

शाकाहाऱ्यांनी इथे थांबून एक गोष्ट लक्षात ठेवावी. दाणे शाकाहारी असतात, पण त्या रसाच्या पुडीत बहुतेक वेळा बोनिटो माशाचा अर्क असतो. पुडी बाजूला ठेवा आणि साधा सोया सॉस घाला, चवीत फार उणं पडत नाही. टेम्पेचा धोका वेगळ्या जागी आहे. वडी स्वतः शाकाहारी असते, पण इंडोनेशियातल्या जावा-बालीच्या खानावळीत तिच्यासोबत येणाऱ्या साम्बलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण असू शकतं, आणि तळणीचं तेल मासळी तळलेलंच असू शकतं. ‘तान्पा तेरासी’, तेरासीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून जा.

चवीचं सांगायचं तर नात्तोचा वास उग्र असतो, मुरलेल्या चीजचा आणि त्यात जरा अमोनियाचा. चव मात्र वासाएवढी उग्र नसते. कडवट कडेची, खोल, भाताला छान धरून राहणारी. लोकांना अडतो तो पोत. बुळबुळीतपणा मुळातच न चालणाऱ्यांनी इथे स्वतःवर जबरदस्ती करू नये, कारण दाणे कितीही धुतले तरी तो पूर्ण जात नाही. ज्यांना खरंच एक संधी द्यायची आहे त्यांनी ‘हिकिवारी’ म्हणजे भरडलेल्या दाण्यांचा नात्तो घ्यावा, किंवा नोरीत गुंडाळलेला ‘नात्तो-माकी’. समुद्री शेवाळाच्या कुरकुरीत पदरामुळे तारा आवरल्या जातात आणि पहिला घास सोपा जातो.

टेम्पेला असली तयारी लागत नाही. ताज्या वडीला अळंबीचा मंद वास असतो, आतून दाणे दिसतात, चावायला भरीव लागते. हा जावाचा पदार्थ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जावानीज लेखनात त्याचा उल्लेख सापडतो. आजही तो तिथल्या गरिबाच्या ताटातला रोजचा आधार आहे. केळीच्या, सागाच्या पानात बांधून आंबवण्याची जुनी रीत अजून टिकून आहे, आणि पानातल्या वडीचा वास प्लास्टिकमधल्या वडीला येत नाही. लसूण-धणे-मिठाच्या पाण्यात बुडवून तळलेली वडी हा सर्वांत साधा प्रकार. ‘बाचेम’मध्ये ती माडाच्या गुळात आणि मसाल्यात शिजवून मग परततात. बान्यूमास भागातला ‘मेंदोआन’ म्हणजे टेम्पेची भजीच. पातळ काप, तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण, त्यात पात, आणि मुद्दाम मऊच राहील असा अर्धवट तळलेला. गरमागरम, कच्च्या हिरव्या मिरचीबरोबर. मराठी माणसाला टेम्पेची पहिली ओळख करून द्यायला याहून चांगला पदार्थ मला माहीत नाही. जुनी होऊन वास मारायला लागलेली वडीसुद्धा जावात टाकत नाहीत. केदिरीकडे तिचा ‘साम्बल तुंपांग’ करतात, नारळाच्या दुधात. पण ते पुढच्या पायरीचं खाणं.

पोषणाच्या नावाने दोन्हींबद्दल बरंच बोललं जातं. प्रथिनं दोन्हींत 100 ग्रॅमला साधारण 17 ते 20 ग्रॅम, म्हणजे त्या मुद्द्यावर निवड होऊ शकत नाही. नात्तोत के-2 जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि म्हणूनच वॉरफरिन घेणाऱ्यांना नात्तो टाळायला सांगतात. घरात कुणाला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडू नका. टेम्पेतून बी-12 मिळतं असं ऐकाल, त्यावर विसंबू नका. वडीत ते असलं तर सोबत वाढलेल्या इतर जिवाणूंमुळे असतं, आणि प्रत्येक वेळी असेलच असं नाही.

घरी कोणता करता येईल? निःसंशय टेम्पे, तोही आपल्या हवेत. कोकणात वर्षाचा बराच काळ आणि घाटावर उन्हाळ्यात घरातलं तापमान बुरशीला आयतंच मानवतं. विरजणाची पूड ऑनलाइन मिळते. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन हाताने चोळून सालं काढायची, ती पाण्यावर तरंगतात. हेच सगळ्यात वेळखाऊ काम, पण त्यात घाई केलीत तर बुरशी दाण्यात शिरत नाही. दाणे बोटचेपे शिजवून कापडावर अगदी कोरडे करायचे. कोमट असताना चमचाभर व्हिनेगर आणि विरजण लावून, भोकं पाडलेल्या पिशवीत चपटे भरायचे. अर्ध्या दिवसानंतर पिशवी आपली आपण गरम व्हायला लागते, तेव्हा तिला उबेतून काढून मोकळ्या हवेत ठेवायचं. भोकांपाशी राखाडी-काळे डाग आले तर घाबरू नका, ती पिकलेली बुरशी. गुलाबी रंग, चिकटपणा किंवा कुजका वास आला तर मात्र सगळं फेकून द्या. आणि वडी कच्ची खायची नाही.

एक इशारा खास नारळवाल्या घरांसाठी. नारळाचा चोथा किंवा पेंड वापरून टेम्पे करायचा मोह अजिबात नको. जावात ‘टेम्पे बोंगक्रेक’ नावाने तो होत असे. त्यात शिरणारा एक जिवाणू बोंगक्रेकिक आम्ल तयार करतो, ते प्राणघातक असतं आणि शिजवल्याने जात नाही. अनेक बळी गेल्यानंतर 1988 मध्ये इंडोनेशियात त्यावर बंदी आली.

लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि त्याच जिल्ह्यातल्या ताटात ते तेल नाहीतर सोया वड्या होऊनच येतं, याची मला खरोखर हळहळ वाटते. पिकवणाऱ्या घरांना टेम्पे माहीत झाला पाहिजे. शहरांत तयार वडी पनीरपेक्षा महाग पडते, घरचं सोयाबीन असेल तर तो प्रश्नच उरत नाही.

नात्तो भारतात मिळतो तो बहुधा गोठवलेला, मोठ्या शहरांतल्या जपानी सामानाच्या दुकानांत. तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वितळू द्यावा, मायक्रोवेव्हमध्ये नाही, नाहीतर वास घरभर होतो. पण जपान दूर असेल आणि सिक्कीमला जाणं होणार असेल तर किनेमा शोधा. तोही सोयाबीनचा, त्याच कुळातल्या जिवाणूने आंबवलेला, तारा सुटणारा. मात्र तिथे तो कांदा-टोमॅटो-हळद-मिरचीवर परतून भाताबरोबर वाढतात. नात्तोची डबी बघून माघारी फिरणाऱ्यांनी आधी किनेमाची ती भाजी खावी. तेलात परतल्यावर बुळबुळीतपणा बराच कमी होतो, वास मसाल्यात मिसळतो, आणि आंबवलेल्या सोयाबीनची मूळ चव मोकळेपणी कळते.