डूम्सडेकडे डोळे लावायचे का सुपरगर्लकडे? माझा कौल खुर्च्यांनी ठरवला

२०१९ ला एंडगेम बघून "बास, झालं आपलं" म्हणत उठलेली बरीच मंडळी ह्या वर्षी परत यायच्या विचारात आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, की यायचं तर कुठल्या दारातून? मार्वलचा अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे १८ डिसेंबर २०२६ ला येतोय त्याची आत्तापासून तयारी करायची, का स्टुडिओचा सहप्रमुख जेम्स गननं डीसीचा जो नवा डाव मांडलाय तिथे कोरी पाटी घेऊन बसायचं, जिथे २६ जून २०२६ ला सुपरगर्ल येतेय? "दोन्ही बघा की" हे उत्तर मला पटत नाही. दोन्ही बघायला कुणाची ना नाहीये, पण प्रश्न तिकिटाचा नाहीच मुळी, प्रश्न जीव कशात गुंतवायचा ह्याचा आहे. लीक वाचणं, थिअऱ्या लढवणं, कुणाला कुठला रोल मिळाला ह्यावर रात्री दोन वाजता अनोळखी माणसांशी भांडणं, हे सगळं दोन दोन युनिव्हर्ससाठी करायला माणूस रिकामटेकडा पाहिजे. मी गेल्या वर्षी ह्यातलं एक निवडलं. कसं ते सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो की पुढे मार्वलचे थंडरबोल्ट्स आणि फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स आणि डीसीचा सुपरमॅन ह्या तिन्हींचे स्पॉयलर आहेत, बघायचे राहिले असतील तर इथेच थांबा.

आधी डाउनी. जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला मास्क काढून आपला आयर्न मॅन रॉबर्ट डाउनी ज्युनियर उभा राहिला आणि डूम्सडेमधला खलनायक डॉक्टर डूम तोच करणार हे कळलं तेव्हा मी दोन गोष्टी एकदम केल्या, ओरडलो आणि लगेच कपाळाला हात लावला. ओरडलो कारण माणूस भारीच आहे, त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्कर घेऊन बसलेला, आणि एंडगेमचे दिग्दर्शक रुसो बंधू परत आलेत म्हणजे निदान गर्दी सांभाळता येणारे लोक तरी आहेत. कपाळाला हात अशासाठी की डूम हा ज्याचा चेहरा दिसत नाही असा माणूस आहे. १९६२ पासून कॉमिक्समध्ये त्या लोखंडी मास्कनं जेवढं काम केलंय तेवढं कुठल्या चेहऱ्यानं केलं नसेल, आणि त्या रोलसाठी यांनी निवडला कोण, तर अख्ख्या सुपरहिरो सिनेमातला सगळ्यात ओळखीचा चेहरा. आता ह्यात काहीतरी खोल प्लॅन असेलही, टोनी स्टार्क, म्हणजे डाउनीचा आयर्न मॅन, आणि डूमचा काहीतरी धागा जोडतील, नाहीतर उलट कध्धी मास्क काढणारच नाहीत आणि आपण सगळे गप्प बसू. मी शक्यता सोडून देत नाहीये. पण मला मनापासून वाटतं की कँग ह्या आधी ठरवलेल्या खलनायकाचा डाव फसल्यावर घाईघाईत घरातलाच माणूस पुढे केला.

पण डाउनीवरून मी निर्णय घेतला नाही. निर्णय घेतला खुर्च्यांवरून.

२६ मार्च २०२५. मार्वलनं डूम्सडेमध्ये कोण कोण आहे ते सांगायला एक लाइव्ह स्ट्रीम लावला, त्यात रिकाम्या खुर्च्या, पाठीवर नाव छापलेलं, कॅमेरा हळूहळू सरकतोय, आणि साधारण दर बारा मिनिटांनी एक नवीन नाव. असं साडेपाच तास. सत्तावीस नावं, शेवटी डाउनी स्वतः येऊन बसला. मी किती बघितलं? सगळं बघितलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मीच येड्यासारखा मोबाइल चार्जिंगला लावून बसलो होतो आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा जाम मजा आली. पॅट्रिक स्ट्युअर्ट, इयान मॅकेलन, रेबेका रोमेन, जेम्स मार्सडेन, म्हणजे २००० सालच्या एक्स-मेनची गँग एकेक करून यायला लागली तेव्हा तर अंगावर काटा आला.

मजा उतरली मे महिन्यात. कारण त्या सत्तावीसमधले बरेचसे लोक अशा सिनेमांतले होते जे तोपर्यंत रिलीजच झाले नव्हते! थंडरबोल्ट्स आला २ मे २०२५ ला. मी थिएटरमध्ये बसलो तर डोक्यात यादी तयार. फ्लोरेन्स प्यूची खुर्ची होती, येलेना वाचणार. डेव्हिड हार्बर, वायट रसेल, हॅना जॉन-केमन, सबॅस्टियन स्टॅन, सगळ्यांच्या होत्या, सगळे वाचणार. खुर्ची कुणाची नव्हती? ओल्गा कुरिलेन्कोची, म्हणजे टास्कमास्टरची. आणि सिनेमा नीट सुरू होतोय न होतोय तोच टास्कमास्टर खलास. पूर्ण थिएटर दचकलं आणि मी मात्र हजेरीपटावर टिक केल्यासारखी मान हलवली. नंतर शेवटाकडे जेव्हा बॉब त्या काळोखात अडकतो आणि येलेना त्याला बाहेर काढायला आत जाते, तो सीन खरं तर फार सुंदर लिहिलाय, एकटेपणावर इतकं नीट बोलणारा सीन ह्या सिनेमांमध्ये क्वचित येतो, आणि तिथे मला काय आठवावं? बॉब करणाऱ्या लुईस पुलमनची खुर्ची. पोरगा सुटणार हे मला पाच आठवडे आधीपासून माहीत होतं.

जुलैमध्ये फर्स्ट स्टेप्सला तर कहर झाला. चौघांच्या चार खुर्च्या मार्चमध्येच लागलेल्या, त्यात व्हेनेसा कर्बीचं नाव तर अगदी सुरुवातीच्या नावांत. क्लायमॅक्सला तिची स्यू खलनायक गॅलॅक्टसला ढकलून खाली कोसळते, श्वास थांबतो, नवरा रीड गुडघ्यावर, म्युझिक गेलं, माझ्या शेजारची मुलगी हमसून रडतेय, आणि मी बसलोय थंड. उठेल की आता. डिसेंबर २०२६ पर्यंत तारीख दिलीये ना तिची. आणि उठली. कर्बीनं तो सीन जीव ओतून केलाय, तिचा काहीच दोष नाही, पण माझ्यापुरता तो सीन चार महिन्यांपूर्वी एका कापडी खुर्चीनं खाऊन टाकला होता.

आता कुणी म्हणेल की हे तर नेहमीचंच आहे, हिरो मरत नाही हे आपल्याला कायम माहीत असतं, कॉन्ट्रॅक्ट किती सिनेमांचं आहे हे आधीपासून छापून येतं. बरोबर आहे. पण माहीत असणं वेगळं आणि आधी पाटी लावून, कॅमेरा सरकवत, साडेपाच तास सांगितलेलं असणं वेगळं. ही तुम्हाला फालतू कटकट वाटू शकते, माझ्या एका मित्राला तशीच वाटली, तो म्हणाला तुला सिनेमा बघायचाय का जुगार खेळायचाय. असेल बाबा. मला थोडा जुगारच आवडतो.

ह्यात भर म्हणजे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या टीझरमध्ये स्टीव्ह रॉजर्सच, म्हणजे मूळ कॅप्टन अमेरिकाच परत. ढाल देऊन, म्हातारा होऊन, इतका समाधानानं निरोप घेतलेला माणूस. तो करणारा क्रिस इव्हान्स मला आवडतो, बघताना डोळे पाणावलेही, पण लगेच वाटलं की ह्यांना नव्या पोरांवर भरवसा नाहीये. ढाल घेतलेल्या अँथनी मॅकीचा कॅप्टन अमेरिका म्हणून पहिला सिनेमा येऊन धड वर्ष झालं नाही तर मूळ मालक दारात. फॅन लोकांत ह्यावरून सरळ दोन तट पडलेत आणि दोघांचंही बरोबर आहे.

आता डीसी. इथेही सगळं आलबेल आहे असं समजून कुणी येऊ नका. डीसीचे फॅन म्हणजे दुधानं तोंड पोळलेली जमात. ऑक्टोबर २०२२ ला जुन्या सुपरमॅननं, हेन्री कॅव्हिलनं स्वतः सांगितलं की मी परत आलोय, आणि डिसेंबरमध्ये स्वतःच सांगितलं की नाही येत. दोन महिनेसुद्धा टिकला नाही तो आनंद. त्यामुळे नवा सुपरमॅन म्हणून डेव्हिड कोरेनस्वेटचं नाव आलं तेव्हा निम्मे लोक त्याला बघायच्या आधीच चिडलेले होते. आणि मे २०२४ मध्ये सूटचा पहिला फोटो आला, खिडकीबाहेर काहीतरी पेटलंय, महानगराची वाट लागतीये आणि हे साहेब बसून बूट चढवतायत, सूटला चुण्या पडलेल्या. मीही हसलो होतो. "सुपरमॅनला ऑफिसला उशीर झालेला दिसतोय" असं काहीतरी लिहिलंही होतं मी, आता शोधायला जाऊ नका.

मग ११ जुलै २०२५ ला सिनेमा बघितला. सिनेमा खच्चून भरलाय हे खरं, जस्टिस गँग, पॉकेट युनिव्हर्स, कुत्रा, शेवटच्या टप्प्यात मला दम लागला. पण एक सीन आहे, लोइसच्या घरात तिनं क्लार्कचा सुपरमॅन म्हणून इंटरव्ह्यू घ्यायचा असं ठरतं, आणि तो हसत हसत तयार होतो आणि पाच मिनिटांत त्याचा तोल जायला लागतो. लोइस एकेक प्रश्न टाकतेय, तू कुणाला विचारून दुसऱ्या देशात घुसलास, आणि हा आधी सुपरमॅनच्या आवाजात उत्तरं देतोय मग हळूहळू तो आवाज सुटत जातो आणि नुसता चिडलेला, खरा, जरासा बालिश पोरगा उरतो. ना उडणं ना मारामारी, दोन माणसं एका खोलीत. चुणी पडलेला सूट का शिवला होता ते मला तिथे कळलं. आणि मुख्य म्हणजे पुढच्या वाक्याला हे दोघं भांडून वेगळे होतील का काय, हे मला खरंच माहीत नव्हतं. इतकं साधं सुख, पण मार्वलमध्ये ते मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

सुपरगर्लबद्दल शंका भरपूर आहेत आणि त्या मलाही आहेत. सुपरगर्ल करणारी मिली अल्कॉक त्याच सुपरमॅनच्या शेवटी झिंगून येते, कुत्रा उचलते आणि जाते, एवढ्याशा सीनवर अख्खा सिनेमा पेलेल का हे कुणी सांगावं. पण ज्या कॉमिकवर हा बेतलाय, टॉम किंग आणि बिल्किस एव्हलीचं, ते वाचलेलं असेल तर कळेल की तिथली सुपरगर्ल अशीच आहे, थकलेली, वैतागलेली, आपला ग्रह डोळ्यांसमोर मरताना बघितलेली. सुपरमॅन तान्हा असताना निघाला, हिला सगळं आठवतंय. त्यामुळे गोड चेहऱ्याची हसरी मुलगी नको होती आणि ती घेतली नाही, हे माझ्या मते चांगलं लक्षण आहे. मला खटकतोय तो लोबो, अंतराळातला भाडोत्री गुंड. मूळ गोष्टीत तो नाहीच, आणि करतोय जेसन मोमोआ, म्हणजे कालपर्यंतचा अ‍ॅक्वामॅन. मग डाउनीला नावं ठेवणारा मी इथे गप्प का? प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडा पक्षपात आहेच. पण फरकही आहे असं मला वाटतं. लोबो बघताना तुम्हाला अ‍ॅक्वामॅन आठवला तर सिनेमाचं नुकसान आहे, डूम बघताना टोनी आठवावा ह्यासाठीच तर तो मास्क स्टेजवर काढला.

डीसीचं खरं दुखणं बॅटमॅन आहे. मॅट रीव्ह्जचा पॅटिन्सनवाला दुसरा भाग १ ऑक्टोबर २०२७ ला, तो वेगळ्या जगातला, आणि गनच्या जगातला बॅटमॅन २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाला त्याला अजून माणूसच मिळालेला नाही. नवीन माणसाला हे समजावताना माझी जीभ अडखळते. अर्थात रखडण्यात मार्वलही कमी नाही, ब्लेड ह्या सिनेमासाठी निवडलेल्या महेर्शाला अलीच्या डोक्यावर ब्लेडची टोपी २०१९ ला घातली होती, ती टोपी एव्हाना विटली असेल. गन निदान म्हणतो तरी की स्क्रिप्ट पूर्ण झाल्याशिवाय शूटिंग नाही. पाळतो किती ते पुढे दिसेलच.

कास्टिंगवर फॅन लोकांचा अंदाज कितपत खरा ठरतो ह्यावर मी फार बोलणार नाही, मायकल कीटन बॅटमॅन होणार म्हणून स्टुडिओला ५०,००० च्या आसपास निषेधाची पत्रं गेली होती असं सांगतात, आणि हीथ लेजरला जोकर केलं तेव्हा काय काय लिहिलं गेलं ते शोधून वाचलं तर आज लाज वाटेल. म्हणजे माझी डूमबद्दलची कुरकुरही त्याच पत्रांच्या गठ्ठ्यात जाऊ शकते. जाऊदे.

तर तुम्ही काय करावं? जुन्या माणसांना एकदा डोळे भरून बघायचंय, ते एकमेकांसमोर आले की पोटात काहीतरी होतं, तर डूम्सडेच, दुसरा विचार करू नका, तिथे मिळेल ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. मागचं सगळं बघत बसायचीही गरज नाही, लोकी ही मालिका आणि फर्स्ट स्टेप्स एवढ्यावर भागेल असं मला वाटतं. मधला मार्ग पाहिजे असेल तर ३१ जुलै २०२६ चा स्पायडर-मॅन आहे, पीटरला कुणीच ओळखत नाही अशा ठिकाणी गोष्ट येऊन थांबलीये, म्हणजे मार्वलनं नकळत स्वतःचीच पाटी कोरी करून ठेवलीये. पण पुढे काय होणार हे माहीत नसताना खुर्चीच्या टोकावर बसायचं असेल, आपल्या खुर्चीच्या, तर जूनमध्ये सुपरगर्ल. एक सुपरमॅन बघितलेला असला की झालं.

डूम्सडेला मी जाणार आहेच, पहिल्याच दिवशी, आणि स्टीव्ह दिसला की रडणार आहे. फक्त १७ डिसेंबर २०२७ च्या पुढच्या अ‍ॅव्हेंजर्ससाठी, सीक्रेट वॉर्ससाठी परत कुणी खुर्च्या मांडायला लागलं तर ह्या वेळी मी तो स्ट्रीम उघडणार नाही. बहुतेक.