सिग्नल ॲप, अडीच वर्षं वापरल्यावर

२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या पॉलिसीवरून गदारोळ झाला तेव्हा सगळ्यांसारखं मी पण सिग्नल टाकलं होतं, व्हॉट्सॲपसारखंच मेसेज पाठवायचं ॲप. इलॉन मस्कने 'सिग्नल वापरा' एवढंच सांगणारं दोन शब्दांचं ट्विट टाकलं आणि अशी गर्दी लोटली की त्यांचे सर्व्हर जवळपास दिवसभर बसले, आणि मग महिनाभरात आमच्याकडची सगळी मंडळी होती तिथे परत गेली. बोलायला कोणी उरलंच नाही म्हणून मी पण काढून टाकलं.

परत टाकलं ते आईमुळे. अडीच वर्षांपूर्वी तिचं क्रिएटिनिन (रक्तातलं, किडनी नीट चालतेय का ते सांगणारं) वाढलं आणि तपासण्या मागे लागल्या. एका लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो, फॉर्मवर माझा नंबर लिहिला, आणि आठ दिवसांत फोन सुरू झाले. एक विमावाला, एक शुगर मुळापासून बरी करून देणारा, आणि एक बाई तर थेट आईचं नाव घेऊन विचारत होती की पेशंटला डायलिसिस सांगितलंय का. डायलिसिसचा शब्दसुद्धा तोवर आमच्या डॉक्टरांनी काढला नव्हता हो. माझे हातपायच गळाले. लॅबमध्ये जाऊन विचारलं तर आमच्याकडून असलं काही बाहेर जात नाही म्हणाले, मग गेलं कुठून ते आजतागायत कळलेलं नाही.

सिग्नल टाकलं म्हणून असे फोन बंद होत नाहीत हे आधीच सांगते. गेलेला नंबर गेला. पण आईचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, डॉक्टर काय म्हणाले, पैसे कोण किती भरणार, हे सगळं आम्ही तिघं भावंडं दिवसभर एकमेकांना पाठवत होतो (दादा ठाण्यात, ताई बंगळुरात, मी आणि आई साताऱ्यात), तेवढं तरी नीट ठिकाणी ठेवावं असं मनाने घेतलं.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, व्हॉट्सॲपमध्ये पण एन्क्रिप्शन (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला मेसेज वाचता येऊ नये असं कुलूप) आहेच की. आहेच. २०१६ पासून तिथे मेसेजना जे कुलूप लागतं ते मुळात सिग्नलवाल्यांनीच बनवलेलं आहे, त्यामुळे आतला मजकूर दोन्हीकडे बंदच. फरक पडतो तो मेसेजच्या बाहेरच्या माहितीत, म्हणजे कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोललं. कोणी रात्री दोन वाजता किडनीच्या डॉक्टरांना मेसेज केला, लगेच भावाला केला, मग बहिणीला, तर मजकूर न वाचताही त्या घरात काय चाललंय ते कळतंच ना. सिग्नल ही माहिती साठवतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत कोर्टाच्या कामात त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी कनेक्ट झालं. माझा विश्वास बसला तो हे वाचून, कारण जे ठेवलंच नाही ते चोरीला जाणार नाही, विकलंही जाणार नाही.

जाहिराती नाहीत, फुकट आहे, मग चालतं कशावर? नफा न कमावणारी संस्था आहे, २०१८ मध्ये व्हॉट्सॲपच्याच एका संस्थापकाने, ब्रायन ॲक्टनने, ५ कोटी डॉलर घालून उभी केली, बाकी लोकांच्या देणग्या. त्यांनी २०२३ मध्ये खर्च जाहीर केला होता, त्यात नुसते नोंदणीचे ओटीपी पाठवायलाच वर्षाला ६० लाख डॉलर जातात असं होतं. मी वर्षातून एकदा थोडे पैसे देते, जमेल त्यांनी द्यावेत.

मावशी म्हणाली, आपल्याकडे काय एवढं लपवण्यासारखं आहे गं. सहा महिन्यांनी तिने शुगर तपासली आणि तिलाही तसलेच फोन यायला लागले, तेव्हा तिनेच विचारलं, ते तुमचं ॲप माझ्यात टाकून दे. तिला मराठीतच लावून दिलंय.

नोंदणीला फोन नंबर लागतोच, हे मला पटत नाही. पण २०२४ पासून युजरनेम घेता येतं आणि अनोळखी माणसाला नंबर दिसत नाही. आईला घरी बघायला येणाऱ्या बाईंना मी तेच दिलंय. आणि एक लक्षात असू द्या, ग्रुपमध्ये तुम्हीच चुकीचा माणूस घेतलात तर कुठलंच ॲप वाचवणार नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलवर केली आणि त्या ग्रुपमध्ये चुकून एक संपादक होता. कुलूप शाबूत होतं, माणूस आत घेतलेला होता. आमच्या ग्रुपमध्ये नवीन कोणाला घ्यायचं तर तिघांनी हो म्हटल्याशिवाय घेत नाही.

मेसेज आपोआप पुसले जायचं सेटिंग मला सगळ्यात जास्त आवडतं, सगळ्यात जास्त त्रास पण त्यानेच झाला. चार आठवड्यांचं लावलं होतं. आईला टाइप करायला जमत नाही, ती माइकचं बटण दाबून बोलते, दादाला रोज संध्याकाळी जेवलास का विचारते. एक दिवस ताईचा फोन आला, आईचे जुने मेसेज दिसत नाहीत म्हणून रडत होती. चूक माझी, मी सांगितलंच नव्हतं तिला. तेव्हापासून दोन ग्रुप केलेत. रिपोर्टच्या ग्रुपला चार आठवडे, आईच्या ग्रुपला टायमर नाही.

नवीन टाकणार असाल तर पहिल्याच दिवशी सिग्नलचा पिन कागदावर लिहून ठेवा. नोंदणीचं लॉक (आपला नंबर परत नोंदवताना पिन मागणारं) लावलं असेल आणि पिन विसरलात तर सात दिवस बाहेर राहावं लागतं. बॅकअप घेतलात तर त्याची ६४ अक्षरांची किल्ली मिळते, ती हरवली तर सिग्नलवालेसुद्धा काढून देऊ शकत नाहीत. आईच्या आवाजाचे सगळे मेसेज आता त्यातच आहेत, म्हणून ती किल्ली आम्ही तिघांनीही आपापल्या हाताने वहीत उतरवून घेतलीय आणि एकमेकांना वाचून दाखवून तपासलीय.